निम्मी गोळी

माझं माहेर तेरचं आणि सासर जळकोटचं. माहेरी आमच्याकडं सगळी हळू बोलणारी माणसं. लग्न होऊन सासरी आले आणि पहिल्याच सकाळी ओसरीवरून असा आरडाओरडा ऐकू आला की मला वाटलं, आज इथं कुणाचा तरी मुडदा पडतो. चुलीवरचा तवा तसाच ठेवून पळत बाहेर आले, तर सासू-सासरे समोरासमोर बसून बशीतून चहा पीत होते. शेजारीण कुडावरून डोकावून म्हणाली, "भिऊ नगं बाई, हे रोजचंच हाय. ज्या दिशी आवाज येनार न्हाय ना, त्या दिशी आमी पळत येऊ."

सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूला आत्या. घर लिंगायतांचं, हमरस्त्याला लागून करडईच्या तेलाचं आणि किराण्याचं दुकान. दोघांचं भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि रंगात आलं की कानडीत शिरायचं. मला कानडी कुणी शिकवलं नाही, मी ते भांडणातनंच उचललं. त्यामुळं आजसुद्धा मला कानडीत कुणाला 'जेवलात का' असं धड विचारता येत नाही, पण कुणाला गप्प बसवायचं असेल तर माझ्याइतकं चोख कानडी अख्ख्या तालुक्यात कुणाचं नसेल.

भांडणाला विषय लागायचा नाही. तुरीची डाळ, पाव्हण्याची टोपी, देवळातल्या घंटेचा आवाज, काहीही चालायचं. मामा एका दमात इतकं बोलायचे की मी पीठ मळता मळता ऐकत राहायची. आत्या मधे मधे दोनच शब्द टाकायच्या, पण ते असे की मामा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मजा होती. दोघांच्यात रुसवा मात्र मी कधी बघितला नाही.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून बारा-तेरा वर्षं झाली असतील. त्या दुष्काळात दुकानात विकायला काही नव्हतं तेव्हा मामांनी सडकेच्या कामावर खडी फोडली होती, आणि ते लाजत नव्हते, उलट गिऱ्हाइकाला हात दाखवून सांगायचे. तोच माणूस दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना मधे थांबायला लागला. पायावर सूज आली. चप्पल चढेना. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून शेंगांच्या पोत्यांना टेकून बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे. आणि भांडण? सुरुवात व्हायची, चार शब्द झाले की दम लागायचा, मग मामा नुसता हात हलवायचे आणि आत्यांनी काय ते समजून घ्यायचं. शेवटी आत्यांनीच तोंड मिटलं. घर एवढं शांत झालं की शेजारीण खरंच विचारायला आली. त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन रडले.

आमचे हे साखर कारखान्यावर कामाला, गाळप सुरू झालं की त्यांना श्वास घ्यायलाही सवड नसायची. तेव्हा मामांना सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं काम माझ्यावर आलं. आत्या म्हणाल्या, मी पण येणार. एसटीत बसल्यापासून त्यांनी मामांचा हात धरला होता, तो सोलापूर येईपर्यंत सोडला नाही. एरवी चारचौघांत नवऱ्याशेजारी न बसणारी बाई!

तिथले डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, बोलायला गोड. त्यांनी मामांना तपासलं, छातीचा फोटो काढला, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली आणि सांगितलं, "आजोबा, तुमचं हृदय थकलंय. विहिरीवरच्या मोटारीची ओढ कमी व्हावी तसं झालंय. पाणी पुढं जात नाही, म्हणून ते पायात आणि छातीत साठतंय."

"मोटार बदलून मिळंल का?" मामा म्हणाले.

डॉक्टर हसले. लघवी होऊन सूज उतरायच्या गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं. काही महिने त्यावर काढले. थोडा आराम पडायचा, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकदा डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून घेतलं. म्हणाले, एक नवी गोळी आलीय. आपल्याकडं अजून दुकानात मिळत नाही, तपासणी चालू आहे. तुमची जुनी औषधं चालूच राहतील. शिवाय काही रोग्यांना ही खरी गोळी द्यायची, काहींना अगदी तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कुणाच्या बाटलीत काय आहे ते रोग्यालाही माहीत नसणार आणि मलाही नाही. सगळं संपल्यावर गोळीचे मुंबईचे कंपनीवाले यादी उघडून बघतील.

मामा दुकानदार माणूस. त्यांनी मान वाकडी करून विचारलं, "म्हंजे निम्म्या गिऱ्हाइकांना तेल आन् निम्म्यांना पिवळं पानी? आन् कोनच्या डब्यात काय, ते दुकानदारालाबी ठावं न्हाय?"

"अगदी तसंच."

"मग साहेब, तुमचं दुकान चालतंय कसं?"

डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स आत डोकावली. पण मग त्यांनी नीट समजावलं. सगळ्यांना एकच दिलं तर गुण गोळीनं आला की नुसत्या आशेनं, ते कसं कळणार? मामांना पटलं. व्यापाऱ्याला वजनकाट्याची गोष्ट लगेच पटते.

आत्यांनी एकच विचारलं, "नवं हाय म्हनता. वंगाळ निघालं तर?"

"त्रास होऊ शकतो, आजी. चक्कर येईल, रक्तदाब उतरेल, आणखी काही होईल. म्हणून तर दर महिन्याला बोलावणार. आजोबांची मर्जी नसेल तर नको म्हणा, मी रागावणार नाही." मग ते माझ्याकडं वळले. "फक्त एक लक्षात ठेवा. गोळी ह्यांनीच खायची, दुसऱ्या कुणी नाही. नियम मोडला तर नाव कटेल आणि नाव कटलं की गोळी बंद. बाहेर कुठं पैसे देऊनही मिळायची नाही."

मामांनी सही ठोकली. येताना एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत बसल्या. नळदुर्ग गेलं तरी शब्द नाही. मला वाटलं, दमल्या असतील.

आणि काय सांगू, दोन महिन्यांत मामांचे पाय दिसायला लागले! घोटा दिसला, नडगी दिसली. चप्पल चढली. पाठीमागचं एक पोतं कमी झालं, मग दुसरं. एक दिवस मी दुकानाकडं चहा घेऊन गेले तर मामा दोन्ही पायऱ्या न थांबता चढून गल्ल्यावर बसलेले, आणि एका गिऱ्हाइकाला करडईचं तेल सोडून डालडा खाणाऱ्यांची पिढी कशी बुडाली ते सांगत होते. मी चहा तिथंच ठेवला आणि घरी येऊन देवापुढं साखर ठेवली. खरी गोळी असो की खोटी, माझा सासरा बोलत होता.

तेवढ्यात आत्यांचं सुरू झालं. घशात खवखव, कोरडा ठसका. कफ नाही, ताप नाही, पण खोकला थांबेना. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. आत्यांनी सगळा आळ माझ्या फोडणीवर घातला. "तेरकडं मिरच्या अशाच जाळतेत का गं?" मी म्हटलं, "आत्या, मी सात वर्षं हीच फोडणी देतेय, तवा न्हाय ठसका लागला तो?" तर म्हणाल्या, "सात वर्सं सोसलं, आता सोसंना." घ्या! मी चूल परसात नेली. धूर गेला, खोकला गेला नाही. एकदा ज्वारी निवडून उठताना त्यांना अशी भोवळ आली की दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मला काळजी वाटायला लागली. एक माणूस सावरतोय तोवर दुसरं कोसळायला बसलं की काय!

ह्या सगळ्याचा उलगडा एका सोमवारी सकाळी झाला. मामा रोज अंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायचे. तोंडात घालायचं ते आधी लिंगाला दाखवायचं, मग ते प्रसाद होतं, हा त्यांचा जन्माचा नेम. पूजेच्या वेळी आत्यांशिवाय कुणी आत जायचं नाही. त्या दिवशी मी बेलाची पानं द्यायला विसरले होते म्हणून दार ढकललं. बघते तर मामांनी गोळी अडकित्त्यात धरलेली. कट्! सुपारी कातरावी तसे बरोबर दोन तुकडे केले, लिंगाला दाखवले, एक आपल्या जिभेवर ठेवला आणि दुसरा समोर पदर पसरून बसलेल्या आत्यांच्या हातावर. आत्यांनी डोळे मिटून तो गिळला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अवो मामा! काय करताय हे?"

मामा जरा दचकले, पण लगेच सावरले. "परसाद हाय पोरी. परसाद एकट्यानं खात न्हाईत."

"परसाद? औषध हाय ते! डॉक्टरनी काय सांगितलं व्हतं?"

"डॉक्टर डॉक्टरचं सांगंल. लिंगाला दाखवलं की त्याचा परसाद झाला. ही समोर बसून हात पुढं करती, तर मी न्हाय म्हनू? चाळीस वर्सांत एक खारीकबी हिला दिल्याबिगर खाल्ली न्हाय मी."

"कवापासून चाललंय?"

"पयल्या दिसापासून," आत्या म्हणाल्या आणि खोकल्या.

मी कपाळावर हात मारला. घरात कुणीही असं करेल असं डॉक्टरांच्या स्वप्नातही आलं नसेल. चोरून खाणारी माणसं असतात, औषध फेकून देणारी असतात. पण गोळीचा नैवेद्य दाखवून तिची वाटणी करणारे हेच दोघे! मी म्हटलं, येत्या खेपेला मी डॉक्टरांना सांगणार. तेव्हा मात्र मामांचा चेहरा उतरला. "सांगू नगंस. नाव कटलं तर? पुन्यांदा पोत्याला टेकून बसायचं मला? तुझ्या पाया पडतो पोरी." सासऱ्यानं सुनेला असं म्हणावं! मी गप्प बसले. न सांगावं तर आत्यांची चक्कर, सांगावं तर मामांचा जीव.

सोलापूरची तारीख आली. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, रस्त्याकडेची शेतं उघडीबोडकी, आणि एसटीत आम्ही तिघं तीन दिशांना तोंडं करून बसलो होतो. डॉक्टरांनी मामांच्या नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला नाही. छाती ऐकली. खूश झाले. म्हणाले, "आजोबा, तुम्ही तर तरुण झालात!" मामा हसले, पण डोळे माझ्याकडं. आणि कोपऱ्यातल्या बाकावर आत्यांना जो ठसका लागला, तो थांबेचना. डॉक्टर वळले. "आजी, खोकला कधीपासून आहे?"

मामा छताकडं बघायला लागले. आत्या पदर तोंडाला लावून मान हलवत होत्या, काही नाही, काही नाही. आणि माझ्या जिभेला हाड नाही. "साहेब, आत्याबी खातेत. निम्मी गोळी. पयल्या दिसापासून."

डॉक्टरांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. आधी त्यांना कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, अडकित्त्यासकट. मग मात्र ते भडकले. गोड बोलणारा माणूस भडकला की लई भडकतो. "हा खेळ आहे का? ह्या गोळीनं काही जणांना असाच कोरडा खोकला येतो, हे आम्हाला कळवलंय. रक्तदाब उतरून आजी चुलीत पडल्या असत्या तर?" त्यांनी लगेच आत्यांचा रक्तदाब बघितला. चांगलाच उतरलेला होता.

"परसाद व्हता, साहेब," मामा हात जोडून म्हणाले. "आमच्यात एकट्यानं खात न्हाईत. चूक माझी हाय. ती बिचारी धर्मानं वागली."

"कशाचा धर्म!" आत्या एकदम उठून उभ्या राहिल्या. "परसाद तुमचा असंल. म्या परसाद म्हनून न्हाय खाल्ली."

मामा त्यांच्याकडं बघतच राहिले. हे त्यांनाही नवीन होतं.

"मग का खाल्लीत, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमीच म्हनलाव ना, गोळी नवी हाय, वंगाळबी निघंल. ह्या मानसानं तर न इचारता सही केली. मग ते इख निघालं तर ह्यांनी एकट्यानं जायचं आन् म्या मागं बसून कुनाशी भांडायचं? म्या म्हनलं, निम्मं मला. काय व्हायचं ते दोघांला हुईल."

डॉक्टरांचा राग कुठल्या कुठं गेला. ते उठून खिडकीपाशी गेले, चष्मा पुसला. मग म्हणाले, "मला मुंबईला फोन करून बाटलीत काय आहे ते विचारावं लागेल. आजींसाठी. आणि नाव तर कटणारच, आजोबा. ते माझ्या हातात नाही. गोळीचं काय होतं, बघतो. बाहेर थांबा."

आम्ही दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाच्या झाडाखाली येऊन बसलो. मी दशमीचं फडकं सोडलं, कुणी हात लावला नाही. मामांनी एकदम मान वर केली आणि आत्यांच्या अंगावर असे ओरडले की लिंबावरचे कावळे उडाले.

"येडी हैस का गं तू? इख असतं म्हंजे? आपल्या लेकाला कोन व्हतं? ह्या पोरीला कोन व्हतं? मला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं असतं तर दिली असती का?"

"दिली नसती! बापजन्मात दिली नसती!" आणि तिथून मामा कानडीत शिरले. तिची अक्कल, तिचा बाप, तिचं माहेर, लग्नात आलेली फुटकी घागर, सगळं बाहेर निघालं. आत्या मधे मधे दोन शब्द टाकत होत्या. रोगी गोळा झाले, नातेवाईक गोळा झाले, झाडूवाला झाडू टेकून उभा राहिला. कुणी तरी मला विचारलं, भांडण सोडवायचं का? मी म्हटलं, हात तर लावून बघा! कारण मला एकच दिसत होतं. मामा केव्हापासून बोलत होते, आणि थांबले नव्हते. दम नाही, धाप नाही, छातीवर हात नाही. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं आणि तोंड चालूच होतं. मीही हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

डॉक्टर पायरीवर येऊन कधी उभे राहिले कुणालाच कळलं नाही. भांडण जरा ओसरल्यावर ते म्हणाले, "आजोबा, मला फुप्फुसाची वेगळी तपासणी करायची होती. आता नको."

"फोन लागला का साहेब?" मी विचारलं.

"लागला. खरंच औषध होतं. तुम्हाला एवढा गुण आलाय तो निम्म्या गोळीवर." त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाव कटलं. मोजणीत तुम्ही आता नाही. पण मी त्यांच्याशी भांडलो. तुमच्याएवढं चांगलं नाही, पण भांडलो. तुम्हाला गोळी माझ्याकडून मिळत राहील." आणि हातातली नवी बाटली त्यांनी मामांना नाही, माझ्या हातात दिली.

मी त्या लिंबाखाली डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले, ते मागं सरकले. येताना एसटीत आम्ही दशम्या खाल्ल्या, वाहकालाही दिली. मामा कारण नसताना त्याच्याशी तिकिटावरून वाद घालत होते. इतका आनंदाचा प्रवास माझ्या लग्नाच्या वरातीतही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला मी मुद्दाम दारात उभी राहिले. बाटली माझ्याकडं होती. मी गोळी काढून मामांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, आता अख्खी. मामांनी ती लिंगाला दाखवली. मग माझ्याकडं न बघता अडकित्ता उचलला, दोन तुकडे केले आणि एक आत्यांच्या पुढं धरला. मी ओरडणारच होते. पण आत्यांनी हात पदराखालून काढलाच नाही.

"घे की," मामा म्हणाले. "परसाद हाय."

"नगं."

"का? इतके दिस घेतलास ना?"

"इतके दिस इख हाय का औषध, ते ठावं नव्हतं," आत्या म्हणाल्या. "आता औषध हाय म्हनल्यावर समदं तुमचं. खावा गुमान."

मामांचा हात तसाच पुढं होता. प्रसाद टाकता येत नाही. शेवटी त्यांनी दोन्ही तुकडे आपल्याच तोंडात घातले, आणि ती एवढीशी गोळी गिळायला त्यांना लई वेळ लागला.